ज्याँ प्रुव्हे : धातुकाम, विज्ञान आणि वास्तुरचना यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्तुरचनेचे आणि डिझाइनचे विद्यार्थी, फॅब्रिकेशनच्या व्यवसायातील मंडळी आणि जुन्या फर्निचरची आवड असणारे वाचक यांच्याकडून फ्रेंच धातुकारागीर व रचनाकार ज्याँ प्रुव्हे यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे मुद्दाम विस्ताराने लिहिली आहेत. प्रुव्हे यांचे काम समजून घ्यायचे तर पत्रा कसा वाकतो आणि भार कोठून कोठे जातो हे समजून घ्यावे लागते, आणि ते दोन ओळींत सांगता येत नाही.

ज्याँ प्रुव्हे कोण होते?

प्रुव्हे यांचा जन्म ८ एप्रिल १९०१ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि २३ मार्च १९८४ रोजी नान्सी येथे त्यांचे निधन झाले. नान्सी हे फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांतातील शहर असून प्रुव्हे यांचे बहुतेक आयुष्य तेथेच गेले. त्यांनी लोहारकामाची रीतसर उमेदवारी केली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास स्वतःची कार्यशाळा काढली, आणि जाळीची फाटके व कठडे यांपासून सुरुवात करून खुर्च्या, टेबले, दारे-खिडक्या, इमारतींच्या बाह्यभिंती आणि सुटे भाग जोडून उभी करता येणारी संपूर्ण घरे एवढा पल्ला गाठला. त्यांच्याकडे ना वास्तुविशारदाची पदवी होती, ना अभियंत्याची.

त्यांच्या कामातील कलेचा वारसा कोठून आला?

घरातूनच आला. वडील व्हिक्तोर प्रुव्हे हे चित्रकार आणि शिल्पकार होते, आणि १९०१ मध्ये स्थापन झालेल्या 'एकोल द नान्सी' या कलावंत व उद्योजकांच्या संघटनेत काचकलावंत एमिल गाले यांचे निकटचे सहकारी होते. १९०४ मध्ये गाले यांचे निधन झाल्यावर संघटनेचे अध्यक्षपद व्हिक्तोर यांच्याकडे आले. काच, लाकूड, लोखंड, चामडे आणि सिरॅमिक यांत काम करणाऱ्या माणसांनी कारखान्याशी फटकून न राहता त्याच्याशी हातमिळवणी करावी, आणि सुंदर वस्तू सर्वसाधारण घरातही पोहोचावी, हे या मंडळींचे उद्दिष्ट होते.

मुलाने वडिलांची वेलबुट्टी घेतली नाही, उद्दिष्ट मात्र घेतले. प्रुव्हे यांच्या कोणत्याही खुर्चीत पाने-फुले सापडणार नाहीत, तरीही कलावंताने उत्पादनाच्या जागी उभे राहिले पाहिजे हा आग्रह त्यांनी वडिलांच्या पिढीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला. गाले यांच्या नाजूक काचपात्रांना अखेर श्रीमंत गिऱ्हाइकेच मिळाली. प्रुव्हे यांच्या खुर्च्या शाळांत आणि वसतिगृहांत गेल्या.

त्यांचे शिक्षण कसे झाले?

अभियंता व्हावे अशी त्यांची इच्छा होती, परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात घरची आर्थिक स्थिती बिघडल्यामुळे ते शक्य झाले नाही. १९१६ मध्ये पॅरिसजवळील आँगियाँ येथे एमिल रोबेर या नामांकित लोहकलाकाराकडे ते उमेदवारीसाठी दाखल झाले, आणि त्यानंतर पॅरिसमध्ये आदालबेर साबो यांच्याकडे त्यांनी काम केले. भट्टी, भाता, ऐरण आणि घण यांच्या सान्निध्यात त्यांची कुमारवयाची वर्षे गेली. तापलेले लोखंड कोणत्या रंगाला वाकते, किती ठोकले म्हणजे फाटते, कोठे जाड ठेवावे आणि कोठे निमुळते करावे, हे ज्ञान त्यांना पुस्तकाआधी हाताने मिळाले. लष्करी सेवा पूर्ण झाल्यावर १९२४ मध्ये त्यांनी नान्सीमध्ये स्वतःची कार्यशाळा सुरू केली.

ऐरणीवर काम करणारा कारागीर पातळ पत्र्याकडे का वळला?

प्रारंभीची काही वर्षे त्यांनी घडीव लोखंडाची पारंपरिक कामे घेतली. मात्र १९२० च्या दशकाच्या मध्यावर वास्तुविशारद रोबेर मालै-स्टीव्हन्स यांच्याशी संबंध आला, त्यांच्या पॅरिसमधील घरांसाठी प्रुव्हे यांनी दरवाजे व जाळ्या केल्या, आणि नव्या इमारतींना भरीव गजांची नक्षी शोभत नाही हे त्यांच्या लक्षात आले. विजेच्या साहाय्याने वेल्डिंग करण्याची आणि पत्रा वाकवण्याची यंत्रे त्याच सुमारास छोट्या कार्यशाळेच्या आवाक्यात येत होती. प्रुव्हे यांनी ती घेतली. मोटारी आणि विमाने पातळ पत्र्यापासून बनू शकतात, तर दार, खुर्ची आणि भिंत का बनू नये, हा प्रश्न त्यांना पडला होता. आणि मोटार व विमान या दोन उद्योगांकडे ते आयुष्यभर आदर्श म्हणून पाहत राहिले.

१९२९ मध्ये स्थापन झालेल्या 'युनियन देझार्तिस्त मोदेर्न' या आधुनिक कलावंतांच्या संघटनेच्या आरंभीच्या सदस्यांत ते होते. १९३१ मध्ये त्यांची कार्यशाळा मोठ्या जागेत जाऊन 'आतेलिए ज्याँ प्रुव्हे' ही कंपनी झाली.

पातळ पत्रा एवढा भार कसा पेलतो? यात विज्ञान नेमके कोणते आहे?

सपाट पत्र्याची एक पट्टी दोन टोकांवर ठेवली तर ती स्वतःच्या वजनानेही मधोमध झुकते. त्याच पट्टीला लांबीच्या दिशेने घडी घातली, की ती झुकायची थांबते. पदार्थ तेवढाच, वजन तेवढेच, तरी ताठरपणा अनेक पटींनी वाढतो. आपल्याकडच्या छपरावरचा पन्हळी पत्रा याच तत्त्वावर उभा असतो.

कारण असे की एखादा भाग भाराखाली वाकतो तेव्हा त्याच्या एका बाजूचे तंतू दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे ताणले जातात, तर मध्यभागी असा एक थर असतो जेथे दाब किंवा ताण जवळजवळ नसतो. या मधल्या थरातील धातू फारसे काम करीत नाही. तोच धातू मध्यापासून दूर, वरच्या आणि खालच्या कडेकडे नेला तर तो कितीतरी अधिक उपयोगी पडतो. घडी घालणे म्हणजे धातू मध्यापासून दूर नेणे होय, आणि दोन घडीव पत्रे एकमेकांना वेल्ड करून आतून पोकळ पेटी तयार केली तर तो भाग पिळालाही दाद देत नाही.

प्रुव्हे यांची खरी कामगिरी याच्या पुढच्या पायरीवर आहे. कोणत्याही तुळईवर किंवा पायावर वाकवणारा जोर सर्वत्र सारखा नसतो. तो कोठे तरी कमाल असतो आणि टोकाकडे कमी होत जातो. बाजारात मिळणारा गज, नळी किंवा अँगल मात्र सर्वत्र सारख्याच आकाराचा असतो, म्हणजे कमाल जोराच्या जागेसाठी निवडलेला जाडपणा उरलेल्या लांबीत वाया जातो. पत्रा हवा तसा कापता येतो आणि हवा तसा वाकवता येतो, म्हणून प्रुव्हे यांनी जेथे जोर जास्त तेथे रुंद आणि जेथे कमी तेथे निमुळता असे पोकळ भाग बनवले. त्यांच्या टेबलांचे पाय आणि घरांचे आधार इतके ओळखू येण्याजोगे का दिसतात याचे उत्तर येथे आहे. तो आकार जोराच्या आलेखातून आलेला आहे, आणि तरीही तो सुंदर दिसतो यात वडिलांच्या घरी तयार झालेल्या नजरेचा वाटा नाही असे म्हणता येणार नाही. कारण आलेख रुंदी ठरवतो, पण कडेची वळणदार रेघ कोठे थांबवायची हे हात ठरवतो.

'स्टँडर्ड' खुर्ची इतकी प्रसिद्ध का आहे?

१९३४ च्या सुमारास तयार झालेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या या खुर्चीत वरील संपूर्ण विचार एका नजरेत दिसतो. माणूस खुर्चीवर बसून मागे रेलतो तेव्हा बहुतेक भार मागच्या पायांवर, आणि तोही बैठक जेथे पायाला मिळते त्या जागी येतो. पुढच्या पायांना त्या मानाने फारसे काम नसते. म्हणून प्रुव्हे यांनी पुढचे पाय साध्या पोलादी नळीचे ठेवले, तर मागचे पाय घडीव पत्र्याचे, पोकळ आणि बाजूने पाहिल्यास बैठकीच्या उंचीवर रुंद होणारे केले. बैठक आणि पाठ प्लायवुडची आहे.

दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेनासे झाले तेव्हा याच खुर्चीची संपूर्ण लाकडी आवृत्ती काढण्यात आली. माझ्या मते ही लाकडी खुर्ची अधिक अभ्यासण्यासारखी आहे, कारण सामग्री बदलल्यावरही भाराचा मार्ग तोच राहिला आणि त्यामुळे आकाराचा सांगाडाही टिकला. स्वित्झर्लंडची व्हिट्रा ही कंपनी २००२ पासून प्रुव्हे यांच्या फर्निचरचे परवानाधारक उत्पादन करते.

खुर्ची बनवणे आणि घर बांधणे यांत त्यांना फरक वाटत नव्हता का?

आकाराचा फरक होता, पद्धतीचा नव्हता. खुर्चीसाठी आधी सांगाडा, मग त्यावर बसणारे हलके भाग, आणि सर्व काही कारखान्यात तयार होऊन जागेवर फक्त जोडले जाणारे, हाच क्रम त्यांनी घरालाही लावला. वीट, चुना किंवा काँक्रीट घेऊन जागेवर महिनोन्‌महिने काम करणे त्यांना मागासलेले वाटे. मोटार जर पावसात उघड्यावर बनवली जात नाही तर घर का बनवावे, अशी त्यांची भूमिका होती. अर्थात घराला जमीन लागते, पाया लागतो, सांडपाण्याची सोय लागते आणि नगरपालिकेची परवानगी लागते, आणि यांपैकी एकही गोष्ट कारखान्यात बनत नाही. पुढे जे अडथळे आले त्यांतील काही या बाजूने आले.

क्लिशी येथील 'मेझाँ द्यु पप्ल' ही इमारत काय आहे?

पॅरिसला लागून असलेल्या क्लिशी या कामगारवस्तीच्या नगरपालिकेने १९३५ ते १९३९ या काळात बांधलेली ही लोकसभागृहाची इमारत आहे. वास्तुविशारद एजेन बोदुआँ व मार्सेल लॉद्स, अभियंता व्लादिमिर बोदियान्स्की आणि धातुरचनाकार प्रुव्हे असा चौघांचा संच तिच्यामागे होता. मागणी अवघड होती: खाली झाकलेली मंडई हवी, वर सभा व चित्रपटासाठी सभागृह हवे, आणि जागा एवढीच. त्यावर उत्तर म्हणून छप्पर सरकते करण्यात आले, वरच्या मजल्याची जमीन सुट्या भागांची करून ती बाजूला साठवता येईल अशी योजना करण्यात आली, आणि सरकत्या पडद्यांनी सभागृह लहानमोठे करता येऊ लागले. म्हणजे सकाळी मंडईत वरून उजेड येई आणि संध्याकाळी त्याच पोकळीवर जमीन पसरून खुर्च्या मांडता येत.

बाह्यभिंत भार न पेलता सांगाड्यावर टांगलेली आहे. आज ज्याला आपण कर्टन वॉल म्हणतो त्याच्या अगदी प्रारंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. तिच्या पत्र्याच्या फलकांत एक युक्ती आहे. पातळ पत्र्याचा मोठा फलक सपाट राहत नाही. त्याला पोक येतो आणि वाऱ्याने तो वाजतो. प्रुव्हे यांनी दोन पत्र्यांच्या मध्ये गादीत वापरतात तशा स्प्रिंग घालून पत्रे आतून बाहेर ढकलले, त्यामुळे दोन्ही बाजूंना किंचित फुगीर असा कायम ताणलेला फलक मिळाला. फुगवटा हा दोष लपवण्यासाठी नसून तोच उपाय आहे, आणि तो दिसूही दिला आहे. १९८३ मध्ये या इमारतीला फ्रान्सच्या ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

युद्धकाळात त्यांनी काय केले?

१९३९ मध्ये त्यांनी सैन्यासाठी सुटे करता येणारे हलके निवारे तयार केले, आणि घराच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या धातूच्या चौकटीचे पेटंट त्याच काळातील आहे. जर्मन ताब्याच्या वर्षांत कार्यशाळेने मिळेल ते जळण चालेल अशा शेगड्या आणि सायकलींचे सांगाडे बनवून तग धरला. प्रुव्हे स्वतः प्रतिकार चळवळीत होते. सप्टेंबर १९४४ मध्ये नान्सी मुक्त झाल्यावर त्यांची शहराच्या महापौरपदी नेमणूक झाली आणि १९४५ च्या वसंतापर्यंत त्यांनी ते काम पाहिले. राजकारणात ते त्यानंतर राहिले नाहीत.

सुटे भाग जोडून उभी होणारी घरे प्रत्यक्षात कशी होती?

युद्धाने लोरेन आणि व्होज भागांतील गावे उद्ध्वस्त झाली होती. बेघर कुटुंबांना ज्यांच्या त्यांच्या जमिनीवरच तात्पुरता निवारा मिळावा, म्हणून पुनर्बांधणी मंत्रालयाने प्रुव्हे यांच्याकडे घरांची मागणी नोंदवली. ६ मीटर लांब व ६ मीटर रुंद, आणि ६ गुणिले ९ मीटर, अशा दोन मापांची ही घरे शेकड्यांच्या संख्येने तयार झाली.

उभारणीचा क्रम असा होता. प्रथम जमिनीवर तळाची चौकट मांडून समतल केली जाई. मग मध्यभागी कंपासासारखी दोन पाय फाकलेली पोलादी चौकट उभी केली जाई, आणि तिच्यावर आढ्याची तुळई दोन्ही बाजूंनी आणून जोडली जाई. त्यानंतर एक मीटर रुंदीच्या पटीतील भिंतींचे फलक कडेने बसवत जायचे. यांतील कोणताही फलक कोरा, दाराचा किंवा खिडकीचा असू शके आणि त्यांची अदलाबदल करता येई. शेवटी छपराचे भाग येत. फलक बसेपर्यंत सांगाडा थोडा लवचीक असे, आणि फलकांनीच अखेर त्याला ताठ केले जाई. क्रेन नको, परांची नको; मोजक्या माणसांनी दिवसभरात घर उभे करावे आणि संध्याकाळी कुटुंबाने आत झोपावे, असा हिशेब होता. धातूची टंचाई असल्यामुळे सांगाडा पोलादाचा आणि भिंती लाकडाच्या होत्या. घर नको झाले की उलट्या क्रमाने सोडवून दुसरीकडे नेता येई.

माक्सेव्हिलच्या कारखान्याचे वैशिष्ट्य काय होते?

१९४७ मध्ये प्रुव्हे यांनी नान्सीलगतच्या माक्सेव्हिल येथे मोठा कारखाना उभारला. तेथे आराखडे काढणारी मंडळी आणि यंत्रावरचे कामगार एकाच छताखाली होते. सकाळी कागदावर रेखाटलेला भाग लगेच पत्र्यात कापून, वाकवून पाहिला जाई, त्यावर भार टाकला जाई, तो कोठे हार मानतो हे बघितले जाई, आणि मग चित्र दुरुस्त होई. चित्र पूर्ण करून ते उत्पादनासाठी दुसऱ्याकडे पाठवणे ही आजची रूढ पद्धत प्रुव्हे यांना मान्य नव्हती. यंत्राची क्षमता हीदेखील रचनेची अट मानली जाई: पत्रा वाकवणारे यंत्र जेवढी लांबी घेते त्याहून लांब भाग आराखड्यात येतच नसे.

कला, विज्ञान आणि वास्तुरचना यांचा संगम असे जे त्यांच्याबाबतीत म्हटले जाते, तो संगम कोणत्याही तत्त्वज्ञानात नसून या जागेच्या रचनेत होता, असे मला वाटते. पत्र्याजवळ बसून विचार करता आला म्हणून तिन्ही गोष्टी एकत्र राहिल्या. फॅब्रिकेशनच्या धंद्यातील अनुभवी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याला मात्र सांगावे लागते.

'मेझाँ त्रोपिकाल' हा प्रयोग यशस्वी झाला का?

रचनेच्या दृष्टीने झाला, व्यवहारात झाला नाही. फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींतील अधिकारी आणि कर्मचारी यांच्यासाठी, उष्ण हवामानास अनुकूल व विमानाने नेता येईल असे घर हवे होते. प्रुव्हे यांनी वास्तुविशारद भाऊ आँरी यांच्यासह पोलाद व ॲल्युमिनियमचे घर तयार केले. १९४९ मध्ये एक नायजरमधील नियामे येथे गेले आणि १९५१ मध्ये दोन काँगोमधील ब्राझाव्हिल येथे.

या घराला दुहेरी छप्पर आहे; दोन थरांमधून हवा वाहत राहते आणि तापलेली हवा आढ्यातून बाहेर पडते. सभोवती व्हरांडा असून त्याच्या कडेला ऊन अडवणाऱ्या, फिरवता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. आतील सरकत्या धातूच्या फलकांना गोल झरोके आहेत व त्यांत निळी काच बसवली आहे. कोकणातील घराचा पडवीचा विचार ज्यांना माहीत आहे त्यांना यातील तत्त्व नवे वाटणार नाही. नवी होती ती सामग्री आणि कारखान्यात घर बनवून समुद्रापार नेण्याची कल्पना.

परंतु हे घर स्थानिक बांधकामापेक्षा स्वस्त पडले नाही, आणि वसाहतीतील अधिकाऱ्यांना आपले घर असे यंत्रासारखे दिसावे हे रुचले नाही. तीनच नमुने झाले. या प्रकल्पाकडे पाहताना तो वसाहतवादी राज्यकारभाराची सोय म्हणून जन्मला हेही लक्षात ठेवावे लागते.

मग फ्रान्समध्ये तरी त्यांची घरे मोठ्या संख्येने बांधली गेली का?

नाही. पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथे १९५० च्या सुमारास धातूची १४ घरे दगडी जोत्यांवर उभी राहिली, आणि त्यांतील घरांत लोक आजही राहतात. पण हजारोंच्या संख्येने मागणी यावी ही त्यांची अपेक्षा पुरी झाली नाही. सरकारने युद्धोत्तर गृहनिर्माणासाठी काँक्रीटच्या मोठ्या वसाहतींचा मार्ग स्वीकारला, आणि थोड्या संख्येत बनणारे घर कारखान्यात बनूनही महागच राहते.

त्यांनी स्वतःचाच कारखाना का सोडला?

भांडवलासाठी त्यांनी ॲल्युमिनियम उद्योगातील मोठ्या कंपनीला भागीदार करून घेतले होते, आणि हळूहळू बहुमत तिच्याकडे गेले. तिचा हेतू ॲल्युमिनियमचा खप वाढवणे हा होता. उत्पादन शिस्तीत आणण्यासाठी आराखड्याचे काम आणि कारखान्याचे काम वेगळे करण्यात आले, म्हणजे जी गोष्ट प्रुव्हे यांच्या लेखी प्राण होती तीच काढून घेण्यात आली. १९५३ मध्ये ते बाहेर पडले. त्यांचे नाव असलेली कार्यशाळा त्यांच्याशिवाय चालू राहिली. ते तेव्हा बावन्न वर्षांचे होते आणि पुढे तीस वर्षे काम करीत राहिले, पण आपल्या ताब्यातील कारखाना त्यांना पुन्हा लाभला नाही.

भागीदार कंपनीला खलनायक ठरवणे सोपे आहे. परंतु सतत नमुने बदलत राहणारी, प्रत्येक सुधारणेसाठी उत्पादन थांबवणारी कार्यशाळा नफ्यात चालवणे कोणालाही कठीण गेले असते, हेही मान्य करावे लागते.

नान्सीमधील त्यांचे स्वतःचे घर कशाचे बनले आहे?

बरेचसे उरलेल्या मालाचे. कारखाना सुटल्यावर १९५४ मध्ये त्यांनी टेकडीच्या तीव्र उतारावर, ज्या जमिनीवर कोणी घर बांधू धजत नव्हते तेथे, कारखान्यात पडून राहिलेले फलक व भाग वापरून कुटुंबीय आणि मित्रांच्या मदतीने घर उभारले. उतारात कोरलेल्या अरुंद पट्टीवर ते लांबच लांब पसरले आहे. डोंगराकडची संपूर्ण बाजू कपाटांनी व्यापली आहे. दिवाणखान्याला मोठी काच आहे. आणि झोपण्याच्या खोल्या बोटीतील केबिनएवढ्या लहान ठेवल्या आहेत. कोणत्याही आदर्श आराखड्याची ही अंमलबजावणी नाही, हाताशी असेल त्यातून जुळवलेले घर आहे. प्रुव्हे यांचे सर्वांत मोकळे काम मला हेच वाटते. पुढे या घराला स्मारकाचा दर्जा मिळाला आणि ते नान्सी शहराच्या मालकीचे झाले.

१९५३ नंतरची त्यांची महत्त्वाची कामे कोणती?

१९५४ मध्ये ॲल्युमिनियमच्या शतकपूर्तीनिमित्त सेन नदीच्या काठी त्यांनी १५२ मीटर लांबीचे प्रदर्शनगृह उभारले. १९५६ मध्ये त्यांनी आबे पिएर यांच्यासाठी घर तयार केले. आबे पिएर या धर्मगुरूंनी १९५४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बेघरांसाठी नभोवाणीवरून आवाहन केले होते. या घरात काँक्रीटचे तबकासारखे तळ आणि मधोमध स्वयंपाकघर व न्हाणीघर सामावणारा पोलादी गाभा होता. छपराचा भार हा गाभाच पेलत असे. पॅरिसमध्ये लोकांसमोर काही तासांत ते उभे करून दाखवण्यात आले. तरीही सरकारी मान्यता मिळाली नाही, कारण न्हाणीघर व स्वयंपाकघर मध्यभागी असल्याने ते नियमांत बसत नव्हते. मोजकीच घरे झाली.

एव्हियाँ येथील झऱ्याच्या पाण्याचे पानगृह हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काम असून ते वास्तुविशारद मोरिस नोव्हारिना यांच्याबरोबर केलेले आहे. त्यातील धातूचे कुबडीसारखे आधार आणि त्यांवर तोललेले हलके वक्र छप्पर पाहिल्यावर खुर्चीचा मागचा पाय आठवल्याशिवाय राहत नाही. याखेरीज पॅरिसलगतच्या ला देफाँस येथील सेनिट या प्रदर्शनगृहाच्या विशाल कवचाच्या काचभिंती आणि ऑस्कार निमायर यांनी पॅरिसमध्ये रचलेल्या फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयाची बाह्यभिंत ही कामेही त्यांचीच. तेथे ते इतरांच्या इमारतींचे तज्ज्ञ सल्लागार होते. भूमिका आक्रसली होती, कौशल्य नव्हे.

त्यांनी अध्यापनही केले होते का?

होय. १९५७ ते १९७० या काळात पॅरिसच्या 'कोंसेर्व्हातुआर नास्योनाल देझार ए मेतिए' या संस्थेत त्यांनी व्याख्याने दिली. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थेत ते फळ्यावर खडूने चित्रे काढत बोलत. वास्तुरचनेच्या शाळांतील विद्यार्थीही तेथे येत.

पाँपिदू केंद्राशी त्यांचा काय संबंध आहे?

पॅरिसमधील या कलाकेंद्राच्या इमारतीसाठी १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचे ते अध्यक्ष होते. ६८१ प्रवेशिकांतून रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या तरुणांची निवड झाली. सांगाडा, नळ आणि सरकते जिने बाहेर मिरवणारी ती इमारत ज्या परीक्षकांनी निवडली, त्यांच्या प्रमुखाकडे वास्तुविशारदाची पदवी नव्हती, यावर फ्रान्समधील व्यावसायिक वर्तुळात कुरकुर झाली यात नवल नाही.

भारताशी त्यांचा काही धागा जुळतो का?

अप्रत्यक्ष जुळतो. वास्तुविशारद ल कॉर्बूझिए यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे यांनी फर्निचर-रचनाकार शार्लोत पेरिआँ यांच्यासह युद्धाच्या आरंभी प्रुव्हे यांच्याबरोबर सुट्या भागांच्या इमारतींवर काम केले होते. हेच जानरे १९५१ मध्ये चंडीगडला आले आणि १९६५ पर्यंत तेथे राहिले. चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी त्यांनी रचलेल्या सागवानी खुर्च्यांचे तिरपे, जोडीने फाकलेले पाय पाहताना प्रुव्हे यांच्या कंपास-पायांच्या टेबलांची आठवण होते. मात्र एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानरे यांनी येथील सुतार आणि येथील लाकूड डोळ्यांसमोर ठेवून रचना केली, आणि पत्रा वाकवण्याचे यंत्र त्या विचारात कोठेच नव्हते.

दुसरे साम्य नंतरच्या बाजारभावाचे आहे. चंडीगडच्या अडगळीत टाकलेल्या सरकारी खुर्च्या परदेशी लिलावांत गेल्या, तसेच प्रुव्हे यांच्या वसतिगृहातील पलंग-टेबलांचे झाले.

गरजूंसाठी बनवलेल्या या वस्तू आज इतक्या महाग का?

संख्या कमी, मागणी जास्त, आणि जुन्या वस्तूवरील वापराच्या खुणांना संग्राहकांनी दिलेली किंमत. ब्राझाव्हिलचे एक घर आफ्रिकेतून सोडवून आणून दुरुस्त करण्यात आले आणि जून २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात सुमारे ५० लाख डॉलरना विकले गेले. त्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात पोर्तुगालच्या दालनात आंजेला फेरेइरा यांनी या घरांच्या स्थलांतरावरच कलाकृती मांडली; घर नेल्यानंतर मागे उरलेल्या जोत्यांची छायाचित्रे तिच्यात होती. सुटे करून कोठेही नेता येणे हा गुण या घराला गरजूंसाठी दिला होता, आणि तोच गुण लिलावगृहाच्या सर्वाधिक कामी आला.

त्यांचे काम प्रत्यक्ष कोठे पाहता येईल?

नान्सीच्या ललित कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे स्वतंत्र दालन आहे, आणि त्यांचे घर ठरावीक काळात पाहता येते. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात फर्निचर व रेखाटने आहेत, मात्र केंद्राची इमारत २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे. जर्मनीतील वाइल आम राइन येथे व्हिट्राच्या आवारात त्यांनी रचलेला १९५० च्या दशकातील छोटा पेट्रोल पंप आणून उभा केला आहे. मूळ आराखडे अभ्यासू इच्छिणाऱ्यांसाठी म्यर्त-ए-मोझेल जिल्ह्याचे नान्सीतील अभिलेखागार सर्वांत उपयुक्त आहे. तेथील कार्यशाळेची चित्रे पाहताना मापांबरोबर पत्र्याची जाडी आणि घडीची दिशा कशी दाखवली आहे तेही पाहावे.